सात किलोच्या विमानाची मोटर

बमरोली, सुरत
९ फेब्रुवारी २०२५, रविवार

चि. सुशांत यास,

वाल्मिककाकाचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही तिघं बरे आहोत. तू पुण्यात रुळला असशील, जेवणाखाण्याची सोय झाली असेल असं धरून चालतो.

पाकीट बघून दचकला असशील. हल्ली पोस्टाने काही आलं की माणसाला आधी नोटीसच आठवते. ही नोटीस नाही. पत्ता वर्षाने तुझ्या बहिणीकडून, स्वप्नाकडून घेतला. दोघी अजून बोलतात हे मला माहीत नव्हतं. घरात काय काय चालतं ते बापाला सगळ्यांत शेवटी कळतं.

फोन का केला नाही, असं म्हणशील. फोनवर मी हल्ली बोलत नाही. दुकानातला फोनसुद्धा वर्षा घेते. ती माझ्यापेक्षा बरी बोलते, सेठलोकांना ताटकळत ठेवते आणि वर त्यांनाच सॉरी म्हणायला लावते.

काम असं आहे. आमच्या योगूचं विमान अजून वरच्या खोलीत आहे. पंख वेगळे करून भिंतीला लावलेत, धड छताच्या हुकाला टांगलंय. दोन वर्षांत ते कोणी हलवलं नाही. धूळ मात्र तुझ्या काकू दर शनिवारी पुसतात. पंखांवरचं कापड तुला आठवत असेल. ग्रे कापड, प्रोसेसला म्हणजे धुलाई-रंगाईला न गेलेलं, आपल्याच गल्लीतल्या लूमवरचं. तुम्ही दोघं ते पंखांवर ताणून चिकटवत होता आणि काकू इस्त्री फिरवून आकसून घेत होत्या. "हाई इमान शे का उशीनी खोय?" म्हणजे हे विमान आहे की उशीचा अभ्रा, असं त्या विचारत होत्या आणि योगू हसून हसून खाली बसला होता. ते कापड अजून ढोलासारखं ताणलेलं आहे.

आता तुझ्या काकूंनी धरून ठेवलंय की विमान उडलं पाहिजे. "पोऱ्यानं एवढं एक काम पुरं करा," पोराचं एवढं काम पुरं करा, असं म्हणतात आणि मुदतही देऊन टाकली आहे, आखाजीची. यंदा अक्षय्य तृतीया तीस एप्रिलला आहे.

योगू गेला त्या दिवशी तुम्ही जी मोटर लावून बघितली ती दुसऱ्या कोणाची तरी होती, लहान होती, विमान जमिनीवरच फिरलं, एवढं मला ठाऊक आहे. योगूच्या वहीत 'वजन सात किलो' असं लिहून पुढे 'मोटर?' असं प्रश्नचिन्ह काढलेलं आहे. त्याच्यापुढे पान कोरं.

मी वर्षाला घेऊन शहरातल्या एका दुकानात गेलो. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात मी लूमच्या किती जळक्या मोटरी नव्या तारेने बांधल्या असतील, त्याची मोजदाद नाही. त्या दुकानात मी अडाणी ठरलो. मोटरवर लिहिलेलं, २८० केव्ही. मी दुकानातल्या पोराला म्हटलं, भल्या माणसा, दोन लाख ऐंशी हजार व्होल्टवर विमान उडवणार की सगळं सुरत पेटवणार? तो हसला नाही. म्हणाला, अंकल, एका व्होल्टला इतके फेरे, असा त्याचा अर्थ. वर्षा बाहेर येईपर्यंत तोंड दाबून हसत होती.

त्याने दोन मोटरी दाखवल्या. एक सहाशे ग्रॅमची, दुसरी सव्वा किलोची. आमच्या धंद्याची रीत तुला माहीत आहे. लूमला एक एचपी लागत असेल तर मी दीडची सांगतो. मोटर कधी तापत नाही, सेठ कधी शिव्या देत नाही. म्हणून माझं मन सव्वा किलोवालीवर आहे, आणि बॅटरीही त्याच हिशेबाने मोठी. दुकानवाला म्हणाला, चालेल. तो विकणारा आहे, त्याला सगळंच चालतं. तू अशाच कामात आहेस असं स्वप्ना म्हणाली. तुझं मत कळव.

आणखी एक. आखाजीला आमच्यात पितर जेवू घालतात, तू लहानपणापासून बघत आलास. घागर भरायची आणि गेलेल्या माणसाच्या नावाने कोणाला तरी पाटावर बसवून जेवू घालायचं. गेली दोन वर्षं काकूंच्या बहिणीचा मुलगा योगूच्या नावाने बसला. तो बिचारा मुकाट्याने जेवतो. पण त्याने योगूबरोबर कधी एक पतंगसुद्धा उडवला नाही. यंदा काकू म्हणतात, सुशांतला बसवायचं. तुमच्या घरी हे मानत नाहीत, मला ठाऊक आहे. नुसता जेवायला ये.

काकूंनी मुद्दाम लिहायला सांगितलं आहे, त्यांचे शब्द तसेच लिहितो: "त्याले लिखा, मी त्याले माफ करं." म्हणजे माफ केलं. त्यांच्या मनात तुझ्याविषयी काही राहिलेलं नाही.

आईवडिलांना नमस्कार सांग. उत्तर पाठव, निदान मोटरीपुरतं तरी.

तुझा,
वाल्मिककाका


बमरोली
२३ मार्च २०२५, रविवार

चि. सुशांत यास,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. दीड पान, आणि सुरुवात थेट 'वजन' या शब्दाने. ना नमस्कार, ना चौकशी. हरकत नाही. नमस्काराने विमान उडत नाही.

पण लिहिलंस सुरेख. 'काका, लूम जमिनीला बोल्टने बांधलेला असतो, त्याला मोटरीचं वजन उचलावं लागत नाही. विमानाला स्वतःची मोटर स्वतः उचलावी लागते.' हे वाक्य मी दुकानात चारदा वाचलं. आयुष्यभर मी एक नंबर वरची मोटर सांगत आलो, आणि जड मोटर हेच एखाद्याचं ओझं होऊ शकतं हे कधी मनात आलं नाही.

तू सांगितलंस तसं विमान पुन्हा तोललं. कापडाचे ताके तोलायच्या काट्यावर ठेवलं, शेजारच्या कारखान्यातले सगळे कारीगर गोळा झाले. मोटर आणि बॅटरी सोडून चार किलो नऊशे भरलं. तुझ्या हिशेबाने किलोला दोनशे वॅट धरायचे, म्हणजे सात किलोला चौदाशे. म्हणजे जेमतेम दोन एचपी. अरे, दोन लूमच्या दोन मोटरी मला एका हाताने उचलवत नाहीत, आणि तेवढी ताकद त्या सहाशे ग्रॅमच्या डबीत! मी ती तळहातावर घेऊन बराच वेळ बसलो होतो. योगूने हे मला सांगितलं असणार. मी ऐकलं नसणार.

तर सहाशे ग्रॅमवाली घेतली, दोनशे ऐंशीचीच. अठरा बाय आठ इंचाचा प्रॉपेलर घेतला. घरी आणल्यावर माझ्या सवयीने मोटर रिकामी फिरवून बघितली, बोट लावून बघितलं, थंड. म्हटलं पास. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं तर त्यात खाली अधोरेखित केलेलं, 'रिकामी फिरवून काही कळणार नाही, खरा भार प्रॉपेलरचा असतो.' तू मला किती ओळखतोस याची लाज वाटली.

आता बॅटरी. तू विचारलंस, योगूच्या दोन बॅटऱ्या आहेत त्या कशा आहेत, फुगल्यात का. चार-चार सेलच्या त्या दोन एकापुढे एक जोडल्या की आठ सेल होतात, याच मोटरीला चालतील, नव्या घ्यायची गरज नाही, असंही लिहिलंस. ते वाचून मला फार बरं वाटलं. त्याच्याच बॅटरीवर त्याचं विमान.

सुशांत, त्या फुगल्या आहेत. दोन्ही. पावासारख्या.

कशा फुगल्या ते सांगतो. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी कधी रिकामी ठेवायची नाही, रिकामी पडली की मरते, हे मी गिऱ्हाइकाला शंभरदा सांगतो. योगू गेल्यावर त्याच्या बॅटऱ्या मला टेबलावर दिसल्या. वाटलं, या तरी मरू देणार नाही. तेव्हापासून दर रविवारी सकाळी आंघोळ करून मी त्या त्याच्या चार्जरवर लावायचो आणि फुल भरायचो. देवपूजा मी करत नाही, तुला माहीत आहे, काकू करतात. माझं हे होतं. एकही रविवार चुकवला नाही. वर्षाला ताप होता तेव्हासुद्धा नाही. गेल्या दिवाळीपासून त्या थोड्या जाड वाटू लागल्या होत्या, पण मी म्हटलं, भरल्या आहेत म्हणून जाड असतील.

तू लिहितोस, ही जात वेगळी आहे, वापरायची नसेल तेव्हा अर्धीच भरून ठेवायची, फुल भरून ठेवली की आतून खराब होते. म्हणजे जपण्याच्या नादात मीच त्या मारल्या. हे काकूंना सांगितलं नाही. त्या दर रविवारी मला चहा आणून द्यायच्या आणि चार्जरचा हिरवा दिवा बघून जायच्या.

तू म्हणालास तसं केलं. चार्जरला हात लावला नाही, रेतीच्या बादलीत दोन्ही ठेवून बादली गॅलरीत लांब नेऊन ठेवली. नव्या दोन मागवल्या आहेत, तशाच, पाच हजार एमएएचच्या.

तोल कसा बघायचा तेही केलं. तू लिहिलंस त्या खुणेवर, पंखाखाली दोन बोटं लावून, एका बाजूने मी, एका बाजूने तुझ्या काकू. बॅटरीच्या जागी तेवढ्या वजनाची तांब्याच्या तारेची भेंडोळी ठेवली होती. भेंडोळं पुढे-मागे सरकवत गेलो आणि एका जागी विमान सरळ उभं राहिलं, ना नाक खाली, ना शेपूट. काकू म्हणाल्या, असाच त्याला आंघोळ घालताना धरायची मी, दोन बोटं मानेखाली. मग त्या खाली निघून गेल्या आणि विमान मला एकट्याला सांभाळावं लागलं.

त्या रविवारी
[इथल्या दोन ओळी मीच खोडल्या आहेत. वाचायचा खटाटोप करू नकोस.]

तू फोन नंबर दिला आहेस, बाकीचं फोनवर बोलू म्हणतोस. फोन नको. मला नाही जमत. माझी इतकी हट्टाची बाब समज आणि सोडून दे.

मोटरीचा वेग सांभाळणारा कंट्रोलर तू शंभर अँपिअरचा सांगितलास आणि इथे मला एक नंबर वरचा चालेल असं मुद्दाम लिहिलंस. मी हसलो. तुझी थट्टा करायची सवय गेलेली नाही म्हणायची.

आखाजीचं तू काहीच लिहिलं नाहीस. काकू रोज विचारतात. मी सांगतो, रजेचं बघतोय. खोटं बोलायला मला अडचण पडत नाही. येणार असशील तर एक ओळ टाक. उडवणार तूच, आमच्यात दुसरं कोणाला येतं?

तुझा,
वाल्मिककाका


बमरोली
१ मे २०२५, गुरुवार

प्रिय सुशांत,

तुझं कार्ड आखाजीच्या आदल्या आठवड्यात मिळालं. चार ओळी होत्या. तीन ओळी कंट्रोलरच्या. चौथी मला पाठ झाली आहे: 'काकूंना सांगा, त्यांनी माफ करावं असं मी काही केलेलं नाही. हे तुम्हाला माहीत आहे.'

हो. मला माहीत आहे.

ते कार्ड मी शर्टाच्या खिशात घालून आठ दिवस हिंडलो. आता सगळं लिहितो. काही तुला माहीत आहे, काही माहीत नाही.

त्या रविवारी, पंधरा जानेवारीच्या पुढच्या रविवारी, तुम्ही दोघं विमान घेऊन सचिन गावाच्या पलीकडे मोकळ्या जागेवर गेलात. दुकानात एक लूमची मोटर उघडी पडली होती. जुनी वाइंडिंग योगूने आदल्या दिवशी काढली होती. काढण्याआधी तारेचे टर्न म्हणजे वेढे मोजून, तिचा गेज म्हणजे जाडी बघून लिहून ठेवायचं, ही आमची पहिली शिकवण. त्याने मोजलं होतं, लिहिलंही होतं. मला वही सापडेना. सेठ समोर स्टुलावर बसला होता. त्याचा लूम बंद होता आणि तो एकाच गोष्टीचा जप करत होता. मी योगूला फोन केला. विचारलं, किती टर्न? तो म्हणाला, बाबा, वही माझ्या पिशवीत आहे, पिशवी लांब गाडीपाशी आहे, विमान चालू आहे, दहा मिनिटांनी सांगतो. त्याच्या आवाजात आनंद होता. विमान जमिनीवरून पळत होतं ना तेव्हा.

मला त्या आनंदाचाच राग आला. सेठसमोर मी मोठ्याने म्हणालो, खेळणी उडवायला वेळ आहे तुझ्याकडे आणि बापाची इज्जत इथे उघडी पडली आहे, आत्ताच्या आत्ता निघ आणि दुकानात ये. तो म्हणाला, येतो. तू त्याला थांब म्हणालास, विमान आवरू दे म्हणालास, हे तू मला नंतर सांगितलंस. तो थांबला नाही. बाप ओरडला होता.

एवढं तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही.

तो निघाल्यावर मी गप्प बसायचं होतं. मी तीन फोन केले. त्याने उचलले नाहीत, गाडी चालवत होता, शहाणा होता. चौथा केला. भेस्तानच्या अलीकडे तो असेल तेव्हा. चौथा त्याने उचलला. मी नुसतं एवढंच म्हणालो, आकडा सांग. त्याला आठवत होता. तो वाऱ्यात ओरडून म्हणाला, "अडुसष्ट टर्न, बाबा. तार तेवीस नंबर." मी म्हणालो, "काय? परत सांग." तो परत सांगू लागला, "अडुसष्ट", आणि मग आवाज आला. तो आवाज मी लिहिणार नाही. नंतर फोन चालूच होता. कोणीतरी गुजरातीत ओरडत होतं, टेम्पो, टेम्पो. मी ऐकत राहिलो. सेठ विचारत होता, मिळाला का आकडा? मी मान हलवली. हो म्हणून हलवली.

त्याचा फोन चुरा झाला. माझ्या फोनमधले, पहिला बोलावण्याचा धरून, ते पाचही फोन मी दवाखान्याच्या बाकावर बसून पुसून टाकले. बोट थरथरत नव्हतं. हे सांगायला सगळ्यांत जड जातंय.

दहाव्याला तू त्याची पिशवी घेऊन आलास. सगळे पाहुणे बसलेले, तुझे वडील भगवंतभाऊ दाराशी उभे, काकू भिंतीला टेकून. तू फक्त एवढंच म्हणालास, काकांचा फोन आला म्हणून तो निघाला. तू आरोप केला नव्हतास. तू नुसतं काय झालं ते सांगत होतास, कारण काकूंनी विचारलं होतं. आणि मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मी फोन केलाच नाही. तूच त्याला बॅटरी आणायला पिटाळलंस आणि आता माझ्यावर ढकलतोस." मी फोन पुढे केला, बघा म्हणालो. त्यात काही नव्हतंच.

मग माझ्या बहिणीने, उषाबाईने, आणि दोघा-तिघांनी तुमच्या जातीवरून जे काढलं ते मी ऐकत बसलो. भगवंतभाऊ आणि मी एकाच वर्षी या गल्लीत आलो, एकाच लूमवर दिवसपाळी-रातपाळी केली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. ते तुझ्या खांद्यावर हात ठेवून तुला घेऊन गेले. दोन महिन्यांनी तुम्ही घर सोडून कडोदऱ्याला गेलात. लोक म्हणाले, खाल्लं असेल मन. मी हेही ऐकून घेतलं.

पिशवीत ती वही होती. एका पानावर विमान, सात किलो, प्रश्नचिन्ह. मागच्या पानावर, अडुसष्ट, तेवीस. मी पंधराव्या दिवशी त्या मोटरीला अडुसष्ट टर्न घातले आणि सेठला देऊन टाकली. ती अजून चालते. तिच्या कारखान्यावरून गेलो की मला ती इतर तीस लूमच्या आवाजातून वेगळी ऐकू येते.

आणि तुझ्या काकूंनी दोन वर्षं सोमवार धरून, मनाशी भांडून, शेवटी तुला माफ केलं. मी ते पत्रात लिहिलं. माझ्या हाताने. तुझ्या चौथ्या ओळीपर्यंत मला त्यात काही वावगंसुद्धा वाटलं नव्हतं, उलट आपण मोठं मन दाखवतोय असं वाटत होतं. बघ माणूस कुठपर्यंत जातो.

आता काल काय झालं ते.

घागर भरली. काकूंनी पाट मांडला, ताट वाढलं, पुरणपोळी, आमरस, सांजोरी. बहिणीच्या मुलाला म्हणाल्या, थांब, सुशांत येईल. एक वाजला, दोन वाजले. पाहुणे तेच, दहाव्याला होते ते. रस काळा पडायला लागला. तेव्हा उषाबाई म्हणाली, "तो काय येस? कोन्ता तोंडे येई?" कोणत्या तोंडाने येईल तो, असं.

मी उठलो. मी म्हणालो, तोंड त्याचं स्वच्छ आहे, माझं नाही. फोन मी केला होता. पाच वेळा केला होता. पाचव्याला तो बोलत असताना टेम्पो आला. सुशांत खरं बोलत होता. मी खोटं बोललो आणि तुम्ही सगळ्यांनी त्याला जे बोललात ते माझ्या खोट्यावर बोललात. एवढंच. जितक्या वेळात तू हे वाचलंस तितकाच वेळ लागला. दोन वर्षं तीन महिने मी हे उचलून फिरत होतो आणि ते ठेवायला अर्धं मिनिट लागलं.

काकू पाटाजवळ बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "आकडा भेटना ना तुमले?" मिळाला ना आकडा, असं.

मी म्हणालो, हो.

"मंग बांधी का ती मोटर?"

मी म्हणालो, हो.

त्या मग स्वतःशीच म्हणाल्यासारखं, "अन् मी त्या पोऱ्याले माफ करी टाकं," एवढं म्हणाल्या आणि तोंडावर पदर घेतला. त्यांचं ते रडणं मी योगूच्या वेळीसुद्धा ऐकलं नव्हतं. वर्षा त्यांना घेऊन आत गेली. पाहुणे न जेवता उठले. उषाबाई जाताना माझ्या पाया पडायला वाकली आणि मध्येच सरळ झाली.

ताट पाटावर तसंच आहे. काकूंनी ते कोणाला उचलू दिलं नाही. वर दुरडी झाकली आहे. सकाळपासून त्या माझ्याशी बोललेल्या नाहीत. मी याहून वाईटाची अपेक्षा केली होती, तेव्हा तक्रार नाही.

हे पत्र लिहायला बसलो तेव्हा त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाचता येत नाही. म्हणून लिहीत गेलो तसं मोठ्याने वाचत गेलो, तू वाचलंस तसं त्यांनीही ऐकलं, पुसलेले फोन, सेठसमोर हलवलेली मान, सगळं. शेवटी एवढंच म्हणाल्या, "मीराबाईले लिखा, मी येस कडोदराले." येत्या रविवारी त्या तुझ्या आईकडे जाणार आहेत. मी सोबत येतो म्हणालो. म्हणाल्या, "तुम्ही नका." मी माझा वेगळा जाईन, भगवंतभाऊ उंबऱ्याच्या आत घेतील तर आत, नाही तर बाहेरून सांगून येईन. त्या दहाव्याला जे जे होते त्या प्रत्येकाने काल ऐकलंय. जे नव्हते त्यांना मी दुकानात बसून सांगतोय. बमरोलीत तुझ्या नावाला जे चिकटलं ते काढणं हेच आता माझं काम. तू यावंस म्हणून मी हे करत नाही.

विमानाचं सांगतो. मोटर बसवली, कंट्रोलर बसवला, नव्या बॅटऱ्या तू सांगितल्याप्रमाणे अर्ध्या भरून ठेवल्या आहेत. दर रविवारी हात तिकडे जातो, मागे घेतो. वजन सहा किलो आठशे भरलं. योगूचा अंदाज दोनशे ग्रॅमने चुकला, आणि तोही जास्तीच्या बाजूने. एवढा हिशेबी होता. प्रॉपेलर मी लावलेला नाही. तो वेगळा, कागदात गुंडाळून ठेवला आहे. ते विमान तुम्ही दोघांनी केलं. माझा त्यावर काही हक्क नाही, मी फक्त त्याच्या मालकाला अर्ध्या वाटेत बोलावून घेतलं. तुला हवं तर कडोदऱ्याला पोचवतो, पुण्याला पोचवतो, उडव किंवा नको उडवूस. इथेच येऊन उडवलंस तर काकू आणि वर्षा बघतील. मी दुकानात थांबेन. आकाशात दिसेल तेवढं मला पुरे.

माफी मागत नाही. तो शब्द या घरात चुकीच्या माणसासाठी दोन वर्षं वापरून झाला आहे.

माझा फोन आज सकाळी मी कपाटातून काढला. चार्ज केला, जुना नंबर चालू आहे. तुझ्या फोनची वाट बघत नाही. पण कधी वाजला तर या वेळी मी फक्त ऐकून घेईन.

भगवंतभाऊंना आणि मीराबाईंना माझा जयभीम. तीस वर्षं शेजारी राहून हा मी पहिल्यांदाच लिहितोय, हेही त्यांना सांग.

तुझा काका म्हणवून घ्यायचं की नाही ते तुझ्यावर सोडतो.

त्या दिवशी फोन करणारा,
वाल्मिक